अटीवरची सुटका

वेडाच्या भरांत ज्याच्या हातून रक्तपात घडला त्याला इतर खुन्यांप्रमाणें शासन करूं नये, ही गोष्ट मनुष्याला फार पूर्वींच उमगली होती. पण शासन करावयाचें नाहीं तर त्याचें करावयाचें तरी काय, हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी नीटसा विचारलाच नाहीं. आणि तो बरा झाल्यावर त्याला पुन्हां माणसांत आणावयाचें झालें तर त्याच्या सोबतीस कोणी राहावयाचें, हा प्रश्न तर त्याहूनहि अलीकडचा. आज पाश्चात्त्य देशांत अशा मनुष्याच्या दारीं ठरल्या दिवशीं एक समुपदेशक जातो. औषध वेळेवर घेतलें कीं नाहीं, झोंप लागते कीं नाहीं, घरांत खटका तर उडाला नाहीं, अशी चौकशी तो करतो. चार गोष्टी ऐकतो, चार सांगतो. आणि कचेरींत परतल्यावर झाल्या भेटीचें टांचण करून ठेवतो. त्या टांचणांतूनच पुढें सरकारला जाणारा अहवाल तयार होतो. हा गृहस्थ त्या मनुष्याचा मित्र कीं त्याच्यावरचा पहारेकरी? या प्रश्नाचा इतिहास सव्वादोनशें वर्षांचा आहे, आणि त्यांतील बराचसा भाग इंग्लंडांत घडला आहे.

१५ मे १८०० रोजीं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत तिसरा जॉर्ज राजा आपल्या कक्षांत येऊन उभा राहतो न राहतो तोंच जेम्स हॅडफील्ड नांवाच्या माणसानें त्याच्यावर पिस्तूल झाडलें. नेम चुकला. हॅडफील्ड हा पूर्वींचा शिपाई. १७९४ सालीं फ्रेंचांशीं झालेल्या लढाईंत त्याच्या डोक्यावर तरवारीचे वार बसले होते, आणि तेव्हांपासून एका कल्पनेनें त्याच्या मनांत ठाण मांडलें होतें. आपला बळी पडल्यावांचून जगाचा उद्धार व्हावयाचा नाहीं. परंतु आत्महत्या हें पाप. तेव्हां सरकारच्याच हातून मरण ओढवून घ्यावें! राजावर गोळी झाडणें हा त्याचा त्यांतला त्यांत सोपा उपाय होता. त्याचा वकील अर्स्किन यानें कोर्टापुढें असें मांडलें कीं, वेडा म्हणजे ज्याला कशाचेंच भान नाहीं असा मनुष्य नव्हे. इतर सर्व बाबतींत बुद्धि शाबूत असूनहि एखादा भ्रम मनुष्याला फरफटत नेऊं शकतो. हॅडफील्डनें कट केला होता, पिस्तूल मिळविलें होतें, वेळ साधली होती. तरीहि तो वेडाच होता. ज्यूरीला तें पटलें व तिनें त्याला निर्दोषी ठरविलें.

पण निर्दोषी ठरलेल्या मनुष्याला कोर्टांतून सरळ घरीं जाऊं देण्याची छाती कोणाचीच होईना. पार्लमेंटनें त्याच वर्षीं घाईघाईनें एक कायदा केला, आणि मागाहून केलेला तो कायदा हॅडफील्डलाहि लागू राहील अशी तजवीज केली. राजाची मर्जी समजेपर्यंत अशा मनुष्यास बंदोबस्तांत ठेवावें, असें त्या कायद्याचें म्हणणें. हॅडफील्डच्या बाबतींत ती मर्जी कधींच फिरली नाहीं. १८४१ सालीं तो बेथलेमच्या इस्पितळांतच मेला. शिक्षा झालेल्या चोराला आपण केव्हां सुटूं याचा हिशेब मांडतां येतो. निर्दोषी ठरलेल्या वेड्याला मात्र तो मांडतां येत नाहीं. ही विसंगति इंग्लंडच्या कायदेपंडितांना दीर्घकाळ फारशी बोंचली नाहीं, असें म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होणार नाहीं.

१८४३ सालीं डॅनियल मॅक्नॉटन यानें पंतप्रधान पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली, आणि तो निर्दोषी सुटल्यावर झालेल्या गदारोळांतून न्यायाधीशांनीं वेडाविषयींचे जे नियम सांगितले ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. आपल्याकडील १८६० च्या पिनल कोडाच्या ८४ व्या कलमावर त्यांचीच छाया आहे. पण ते सारे नियम खटल्याच्या दिवसापुरते. खटल्यानंतर उगवणाऱ्या हजारों दिवसांविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं.

त्या दिवसांची सोय म्हणून १८६३ सालीं बर्कशायरमध्यें ब्रॉडमूरचें इस्पितळ उघडण्यांत आलें. तेथें पहिल्यानें आल्या त्या स्त्रिया. त्यांत प्रसूतीनंतरच्या वेडांत पोटच्या पोराचा जीव घेतलेल्या माता पुष्कळ होत्या. भ्रम ओसरल्यावर आपण काय केलें हें कळून त्या दुःखानें खंगत. अशांना जन्मभर कोंडून ठेवण्यांत काय स्वारस्य आहे, असा प्रश्न तेथील वैद्यांना पडूं लागला, आणि त्यांतून अटीवरच्या सुटकेची रीत रुळली. रुग्णाला नवऱ्याच्या, भावाच्या किंवा एखाद्या भल्या स्नेह्याच्या स्वाधीन करावें. त्या माणसानें देखरेखीची हमी लेखी द्यावी. आणि ठराविक मुदतीनें इस्पितळाच्या प्रमुखास रुग्णाची हालहवाल पत्रानें कळवीत जावी. प्रकृति बिघडली कीं परत इस्पितळांत. आजच्या समुपदेशकाचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो एखाद्या विद्यापीठांत नव्हे, तर या पत्रें लिहिणाऱ्या नवऱ्यांत आणि भावांतच शोधावा लागेल. बायकोविषयीं सरकारला पत्र लिहितांना त्या नवऱ्याच्या मनांत काय येत असेल, याचा विचार मात्र त्या काळीं कोणी केलेला दिसत नाहीं.

सर्वांनाच हें दार उघडलें असें नव्हे. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशासाठीं हजारों अवतरणें पुरविणारे डॉक्टर मायनर हे याच ब्रॉडमूरमधले. १८७२ सालीं भ्रमाच्या भरांत त्यांनीं लंडनमध्यें एका निरपराध मजुराचा प्राण घेतला. आणि १९१० सालीं गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं त्यांना अमेरिकेस जाण्याची परवानगी दिली. तीहि घरीं जाण्यासाठीं नव्हे, तिकडच्या दुसऱ्या इस्पितळासाठीं! विद्वत्तेनें मर्जी लवकर फिरते असें नाहीं.

समुपदेशकाच्या कुळाची दुसरी शाखा पोलीसकोर्टांतून निघाली. १८७६ पासून लंडनच्या कोर्टांत मद्यपाननिषेधक मंडळाचे धर्मप्रचारक दारुड्यांची हमी घेण्यासाठीं उभे राहूं लागले. १९०७ च्या कायद्यानें त्यांचें काम सरकारमान्य झालें आणि प्रोबेशन ऑफिसर हा नवा अधिकारी जन्मास आला. त्यानें आरोपीला सल्ला द्यावा, साहाय्य करावें व त्याच्याशीं मैत्री जोडावी, असें खुद्द कायद्यानेंच सांगितलें. मैत्री करणें हें कायद्यानें लादलेलें कर्तव्य ठरल्याचें दुसरें उदाहरण शोधून सांपडणें कठीण. मुंबई इलाख्यांत १९३८ सालीं प्रोबेशनचा असाच कायदा झाला. इंग्लंडांत १९४८ पासून मानसिक उपचार घेण्याच्या अटीवर आरोपीला प्रोबेशनवर सोडण्याची सोय झाली, आणि १९५९ च्या मनोरोगविषयक कायद्यानें दोन्ही शाखा एकत्र आल्या. गुन्हा केलेल्या रुग्णाला गृहमंत्र्यानें अटीवर सोडावें, प्रोबेशन ऑफिसरनें किंवा समाजसेवकानें त्याच्यावर लक्ष ठेवावें, आणि गरज पडल्यास गृहमंत्र्याच्या एका हुकुमानें त्याला परत आणावें. नातलगांच्या पत्रांची जागा आतां पगारी माणसाच्या अहवालांनीं घेतली.

ही व्यवस्था कागदावर निर्दोष दिसत होती. पुढें १९७१ ते १९७४ या काळांत घडलेल्या दोन प्रकरणांनीं तिचीं दोन्ही अंगें उघडीं पाडलीं.

ग्रॅहॅम यंग हा १९६२ सालीं वयाच्या चौदाव्या वर्षीं ब्रॉडमूरमध्यें आला. बाप, बहीण आणि शाळेतला मित्र यांना त्यानें विष घातलें होतें. फेब्रुवारी १९७१ मध्यें तो बरा झाल्याचें मानून त्याला अटीवर सोडण्यांत आलें. हर्टफर्डशायरमधील एका कारखान्याच्या कोठारांत त्याला काम मिळालें. हा मुलगा मानसिक दुखण्यांतून उठला आहे एवढें मालकाला सांगितलें गेलें. पण तो विषें घालीत असे, हें कोणी सांगितलें नाहीं. जुना डाग पुसून नवें आयुष्य सुरू करूं द्यावें, हा त्यामागचा हेतु वाईट नव्हता. सहकाऱ्यांच्या चहांत त्यानें थॅलियम मिसळावयास सुरुवात केली. त्याच वर्षीं दोघे मेले, आणखी कित्येक अंथरुणास खिळले. १९७२ सालीं त्याला जन्मठेप झाली. देश खवळला, आणि लॉर्ड बटलर यांच्या अध्यक्षतेखालीं एक मोठी समिति नेमण्यांत आली. (हेच बटलर १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या वेळीं भारतमंत्र्यांचे दुय्यम म्हणून वावरले होते.) १९७५ च्या अहवालांत तिनें प्रांतोप्रांतीं मध्यम बंदोबस्ताचीं रुग्णालयें असावीं असा आग्रह धरला, अशा रुग्णालयांच्या आधारानेंच पुढें गांवांत फिरणारीं वैद्य, परिचारक आणि समुपदेशक यांचीं पथकें वाढलीं.

दुसरें प्रकरण ज्या मनुष्याचें, त्याला कागदोपत्रीं 'एक्स' एवढेंच नांव आहे. तोहि ब्रॉडमूरमधून १९७१ सालींच सुटलेला. जवळजवळ तीन वर्षें तो नोकरी करून बायकोबरोबर राहिला. एप्रिल १९७४ मध्यें त्याची बायको त्याच्या नकळत प्रोबेशन ऑफिसरकडे गेली. नवऱ्याचें पिणें, शिवीगाळ, संशय यांविषयीं तिनें तक्रार केली, व आपण त्याला सोडून जाणार असल्याचें सांगितलें. ऑफिसरनें ती गोष्ट ब्रॉडमूरच्या डॉक्टरांस कळविली, डॉक्टरांनीं गृहखात्यास. आणि त्याच दिवशीं पोलिसांनीं त्या मनुष्यास ताब्यांत घेऊन ब्रॉडमूरला पोंचविलें. त्यानें नवा गुन्हा केलेला नव्हता. आपल्याला कां आणलें याचें धड कारणहि त्याला कळेना, आणि गृहमंत्र्याच्या हुकुमाची बरीवाईट बाजू तपासून त्याला मोकळें करूं शकेल असें न्यायासन देशांत नव्हतें. तो स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. निकाल ५ नोव्हेंबर १९८१ रोजीं त्याच्या बाजूनें लागला. परंतु तो स्वतः १९७९ सालींच वारला होता.

या निकालामुळें १९८३ च्या कायद्यानें स्वतंत्र न्यायमंडळाला अशा रुग्णांची सुटका करण्याचा अधिकार मिळाला. राजाची मर्जी, जी १८०० पासून मंत्र्यांच्या मेजावर पडून होती, ती पहिल्यांदाच तपासणीखालीं आली.

पण प्रोबेशन ऑफिसरनें त्या दिवशीं चूक केली असें म्हणावें काय? त्याच्यासमोर एक भ्यालेली बायको बसली होती. अशा रुग्णांच्या हातून ज्यांना इजा होते तीं माणसें बहुधा परकीं नसतात, घरचींच असतात. यंगच्या वेळीं गप्प राहणें महागांत पडलें होतें, आणि ती आठवण तेव्हां ताजी होती. दोष असेल तर तो बोलण्याचा नव्हता. बोलल्यावर दोन्ही बाजू ऐकून घेण्याची कांहींच सोय नव्हती, हा होता.

पुढील काळांत या कामाला जें शास्त्र लाभलें तें पुष्कळसें या दोन प्रकरणांनीं शिकविलें आहे. सुटलेल्या रुग्णामागें आतां दोन माणसें असतात, एक औषधपाणी पाहणारा व एक संसार पाहणारा. दोघेहि साधारण दर तीन महिन्यांनीं सरकारला अहवाल देतात. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटींत स्पष्ट सांगतो, "तुम्ही सांगाल तें सगळेंच माझ्यापाशीं राहील असें नाहीं, कोणाच्या जिवावर बेतत असेल तर मला बोलावें लागेल, आणि बोलण्याआधीं शक्यतों तुम्हांला कळवीन." दुखणें परततांना प्रत्येकाच्या पावलांचा आवाज वेगळा असतो, कोणाची झोंप उडते, कोणी शेजाऱ्याच्या खोकल्यांत खूण शोधूं लागतो, कोणी नुसता अबोल होतो. तीं पावलें ओळखावयास रुग्णालाच शिकविणें, आणि तीं वाजूं लागलीं कीं त्यानें आपण होऊन फोन करावा इतका विश्वास मिळविणें, हें या कामाचें मर्म. ज्याला केवळ पकडले जाण्याची भीति वाटते तो मनुष्य फोन करीत नाहीं.

भारतांत कायद्याची वाट थोडी निराळी राहिली. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतींत अशा मनुष्यास नातलगाच्या किंवा मित्राच्या स्वाधीन करण्याची तरतूद होती. १९७३ च्या संहितेनें ती चालू ठेवली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि ती आहे. जामीन द्यावा, सांभाळ करावा, त्यानें कोणास इजा करूं नये याची हमी घ्यावी. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळांतल्या नवऱ्याची आणि भावाचीच ही कामगिरी. त्या नातलगाला महिन्याकाठीं येऊन आधार देईल असा मनुष्य या कलमांत कोठेंच नाहीं. आणि नातलगच पुढें न आला तर काय, याचें उत्तर आसामांत मिळालें. मचांग लालुंग नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणास १९५१ सालीं पोलिसांनीं पकडलें व तेजपूरच्या मनोरुग्णालयांत पाठविलें. १९६७ सालीं डॉक्टरांनीं तो बरा असल्याचें लिहून दिलें. त्याचा खटला चालला नाहीं आणि त्याला घरींहि पाठविलें नाहीं. त्याची रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगांत झाली. तो सुटला २००५ सालीं, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, चौपन्न वर्षांनंतर. सर्वोच्च न्यायालयानें त्याला तीन लक्ष रुपये भरपाई देवविली. २००७ सालीं तो वारला.