अंत्यदर्शनाच्या रांगेतलं साओ पावलो

४ मे १९९४च्या पहाटे व्हारिग कंपनीचं विमान पॅरिसहून निघून साओ पावलोच्या ग्वारुल्योस विमानतळावर उतरलं. शवपेटी एरवी विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात येते. त्या दिवशी कंपनीने आपला नियम बाजूला ठेवला आणि फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेन्ना प्रवाशांच्या केबिनमधून घरी आला. पुढे त्याला न्यायला अग्निशमन दलाचा बंब होता. ब्राझीलमध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या फुटबॉलपटूंची मिरवणूक बंबावरूनच काढतात. म्हणजे लोकांना ती गाडी जल्लोषाची म्हणून ठाऊक. तिच्यावर त्या सकाळी चौतीस वर्षांच्या मुलाची पेटी होती आणि दुतर्फा माणसं उभी होती. रस्त्यावर उतरलेल्यांचा अंदाज तीस लाखांचा सांगतात.

मी साओ पावलोत राहायला गेले ती यानंतर बऱ्याच वर्षांनी, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त. घर मिळालं ते सांताना भागात, शहराच्या उत्तरेला. सेन्नाचं बालपण याच बाजूचं. शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहायच्या. हयातभर कपडे शिवून त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या. माझं पोर्तुगीज त्यांच्या स्वयंपाकघरात, कॉफी पीत आणि पाव खात तयार झालं. सेन्ना हा विषयही तिथेच निघाला. त्या अंत्यदर्शनाच्या रांगेत उभ्या होत्या. पहाटे कधीतरी आत पोचल्या, पेटीपाशी थांबायला क्षणभरसुद्धा मिळालं नाही, आणि रडू आलं ते बाहेर फुटपाथवर आल्यावर. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. भाजी चिरत सांगत होत्या. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न लागून राहिला: ज्याच्याशी आपलं एक शब्दही बोलणं झालेलं नाही, त्याच्यासाठी एक अख्खं शहर रात्रभर उभं का राहतं?

गरिबीतून वर आलेला पोर म्हणून लोकांनी त्याला जवळ केलं, असं सोपं उत्तर इथे चालत नाही. सेन्ना गरीब नव्हता. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना होता, शेतीवाडी होती. मुलाला लहानपणीच कार्ट मिळाली. दा सिल्वा हे आडनाव ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली, म्हणून त्याने आईच्या माहेरचं सेन्ना हे नाव लावलं. बरं, तो काही देशाचा पहिला जगज्जेताही नव्हता. एमर्सन फित्तिपाल्दीने १९७२ आणि १९७४मध्ये, नेल्सन पिकेने १९८१, १९८३ आणि १९८७मध्ये विजेतेपद मिळवलं होतं. लोक त्यांनाही मानत. पण त्यांच्यासाठी घराघरातला रविवार थांबत नसे.

माझ्या मते सगळं सुरू होतं ते २२ जून १९८६ रोजी, डेट्रॉइटमध्ये. आदल्याच दिवशी मेक्सिकोत विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने ब्राझीलला पेनल्टीवर हरवलं होतं. सेन्ना तेव्हा लोटस संघात. गाडीला इंजिन फ्रेंच रेनॉचं, ते सांभाळणारे तंत्रज्ञ फ्रेंच. पराभवाची चेष्टा किती झाली असेल, ते सांगायला नको. रविवारी त्याने शर्यत जिंकली आणि परतीच्या फेरीत गाडी हळू करून प्रेक्षकांतल्या एकाच्या हातातला ब्राझीलचा झेंडा मागून घेतला. तो हातात धरून उरलेला ट्रॅक पार केला. पुढे तो जिंकला की झेंडा ठरलेलाच. हा झेंडा सरकारने दिलेला नव्हता, कुणा प्रायोजकाचाही नव्हता. तो एका चाहत्याने दिला होता. साओ पावलोतला सगळा शोक मला या एका गोष्टीशी जोडलेला दिसतो. आपण काहीतरी त्याच्या हातात दिलं आहे आणि त्याने ते जगाला दाखवलं आहे, असं लोकांना वाटत होतं.

आणि देशाकडे त्या वर्षांत दाखवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. १९९३ साली महागाईचा दर अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेला. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नसे. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोगाला तोंड देणारे राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी १९९२च्या डिसेंबरात राजीनामा दिला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलिसांच्या कारवाईत १११ कैदी मारले गेले. फुटबॉलचा विश्वचषक १९७०नंतर आलाच नव्हता. अशा दिवसांत युरोपातल्या शर्यती ब्राझीलच्या घड्याळाने रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सुरू व्हायच्या. ग्लोबो वाहिनीवर गालवाँव बुएनोंचं समालोचन, आणि सेन्ना जिंकला की वाजणारी विजयाची धून. शेजारच्या बाईंना मोटारीतलं काही कळत नव्हतं, हे त्या स्वतःच सांगत. धून वाजली की आठवडा बरा जाणार, एवढं त्यांना पुरत होतं.

घरच्या मैदानावर मात्र त्याने लोकांना फार ताटकळत ठेवलं. इंटरलागोसचा पहिला विजय आला तो १९९१च्या मार्चमध्ये, दोन जगज्जेतेपदं मिळाल्यावर. शेवटच्या फेऱ्यांत गिअरबॉक्सने दगा दिला. सहाव्या गिअरखेरीज काही उरलं नाही. पावसाला सुरुवात झालेली. रेषा ओलांडल्यावर त्याच्या खांद्यांचे स्नायू असे आखडले होते की त्याला गाडीतून उचलून काढावं लागलं. करंडक वर धरताना त्याचे हात थरथरत होते. दोन वर्षांनी तो तिथेच पुन्हा जिंकला, तेव्हा लोक कुंपणं ओलांडून ट्रॅकवर उतरले आणि गाडीला पुढे सरकायला जागाच उरली नाही.

मोटारींच्या शर्यतीत मरण नवं नव्हतं. जगज्जेता अल्बेर्तो आस्कारी १९५५च्या मे महिन्यात मोंझाला गेला, तेव्हा मिलान शहर रस्त्यावर उतरलं होतं. स्कॉटलंडचा जिम क्लार्क १९६८मध्ये हॉकेनहाइमला गेला. त्याला त्याच्या गावाने चर्चच्या आवारात पुरलं आणि थडग्यावर आधी ‘शेतकरी’ लिहिलं, शर्यती नंतर. मला तो दगड फार आवडतो. त्या गावाने आपला माणूस जगाकडून परत घेतला. पण १९८२मध्ये मॉन्ट्रियलला रिकार्दो पालेत्ती गेल्यानंतर बारा वर्षं ग्रां प्रीच्या शनिवार-रविवारी कुणीही दगावलं नव्हतं. नव्या पिढीचे प्रेक्षक मरण विसरूनच गेले होते. वाहिन्याही.

सेन्ना जिथे गेला त्या इटलीतल्या इमोलाच्या तीन दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. शुक्रवारी, २९ एप्रिलला, रुबेन्स बारिकेलोची गाडी उडून कुंपणावर आदळली. तो वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर, सिमटेक या छोट्या संघाचा चालक, भिंतीवर आदळून गेला. ते वळण झिल व्हिलनव्हच्या नावाचं, आणि व्हिलनव्हही १९८२मध्ये अपघातातच गेला होता. रविवारी सुरुवातीलाच दोन गाड्यांची टक्कर झाली. सुटं झालेलं चाक आणि तुकडे प्रेक्षकांत जाऊन माणसं जखमी झाली. सेफ्टी कारमागून काही फेऱ्या झाल्या, शर्यत पुन्हा सुटली आणि सातव्या फेरीत तांबुरेल्लो वळणावर सेन्नाची विल्यम्स सरळ निघून भिंतीला धडकली. इटलीत दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. बोलोन्याच्या मज्जोरे रुग्णालयातून संध्याकाळी त्याच्या मृत्यूची बातमी आली. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा घडी घातलेला झेंडा सापडला. जिंकला असता तर त्या दिवशी तो रात्झेनबर्गरसाठी हातात धरणार होता.

सुकाणूचा दांडा तुटला म्हणून गाडी सुटली की आणखी कशाने, यावर इटलीच्या न्यायालयांत कित्येक वर्षं खटला चालला. शेजारच्या बाईंनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

ब्राझीलमध्ये बातमी पोचली तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. त्याच दिवशी साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियमवर साओ पावलो आणि पाल्मेइरास यांचा सामना होता. दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सेन्ना तर तिसऱ्याच संघाचा, कोरिंथियन्सचा चाहता. तरीही दोन्ही बाजूंच्या स्टँडमधून त्याच्याच नावाचा गजर झाला. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, पण त्याआधीच लोकांनी आपला दुखवटा सुरू केला होता.

पार्थिव इबिरापुएराजवळच्या राज्य विधानसभेत ठेवलं. सुमारे चोवीस तास रांग चालू राहिली. दोन लाखांहून जास्त लोक पेटीसमोरून गेले. आपल्याकडच्या कुणाला हे डोळ्यांसमोर आणायचं असेल, तर आषाढीच्या दर्शनबारीची आठवण पुरे: तासन्‌तास उभं राहायचं, समोर क्षणभर, आणि मागच्याच्या रेट्याने बाहेर. बाईंच्या सांगण्यात रांगेतली माणसं ठळक होती. अंगावर बँकेचा गणवेश असलेला शिपाई, कारखान्याची पाळी संपवून थेट आलेल्या मुली, कागदी झेंडे विकणारा पोरगा. रांगेत कुणी कुणाला ढकललं नाही, याचं त्यांना इतक्या वर्षांनीही नवल वाटत होतं, कारण त्या शहरात बसच्या रांगेतही भांडणं होत.

५ मे रोजी मोरुंबी दफनभूमीत अंत्यविधी झाला. पेटीला खांदा देणाऱ्यांत फित्तिपाल्दी, जॅकी स्टुअर्ट, गेऱ्हार्ड बेर्गर, डेमन हिल, बारिकेलो होते, आणि आलँ प्रोस्त होता. प्रोस्त आणि सेन्ना यांनी १९८९ आणि १९९०, दोन्ही वर्षी जपानमध्ये एकमेकांना धडक देऊन अजिंक्यपदाचा निकाल लावला होता. ब्राझीलमध्ये प्रोस्तचं नाव शिवीसारखं घेतलं जाई. तो आला आणि पेटीजवळ उभा राहिला, हे मी मोठेपण मानते. पुढे सेन्नाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेच्या विश्वस्तांतही तो होता.

दोन दिवसांनी, ७ मे रोजी, ऑस्ट्रियात साल्झबुर्गला रात्झेनबर्गरचे अंत्यसंस्कार झाले. तिथे बंब नव्हता, वाहिन्यांच्या रांगा नव्हत्या. बेर्गर ब्राझीलहून तिकडे पोचला. मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोझली साओ पावलोला न जाता साल्झबुर्गला गेले, कारण सेन्नाकडे सगळेच जाणार होते. मोझली हे एरवी मला मुळीच न आवडणारे गृहस्थ. हा त्यांचा निर्णय मात्र मनापासून पटतो. रात्झेनबर्गर तेहतीस वर्षांचा होता. वर्षानुवर्षं लहानसहान शर्यती करत, पैशांची जुळवाजुळव करत तो फॉर्म्युला वनपर्यंत आला होता. त्याने या स्पर्धेत पूर्ण केलेली शर्यत एकच. चाहते जमायला वेळ लागतो, आणि वेळ त्याला मिळालाच नाही.

पंधरवड्याने मोनॅकोला शर्यत भरली, तेव्हा सुरुवातीच्या पहिल्या दोन जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. एका जागेवर ब्राझीलचा झेंडा रंगवलेला, दुसरीवर ऑस्ट्रियाचा. तिथेच चालकांची बंद पडलेली संघटना पुन्हा उभी राहिली. इमोलाच्या त्या रविवारी सकाळी सेन्ना सहकाऱ्यांशी याच विषयावर बोलला होता. तांबुरेल्लोचं वेगवान वळण १९९५पर्यंत मोडून संथ करण्यात आलं. जपानमध्ये टोकियोच्या होंडा मुख्यालयात लोकांनी इतकी फुलं आणून ठेवली की प्रशस्त दालन अपुरं पडलं. होंडाच्या इंजिनावर त्याने तीनही अजिंक्यपदं मिळवली होती.

जुलैमध्ये ब्राझीलने चौथा विश्वचषक जिंकला, अमेरिकेत, इटलीला पेनल्टीवर हरवून. चोवीस वर्षांनी. खेळाडूंनी मैदानावरच एक कापडी फलक धरला आणि चौथं विजेतेपद सेन्नाला दिलं, कारण तोही त्या वर्षी चौथ्याच्याच मागे होता. नवं चलन त्याच महिन्यात आलं आणि महागाई उतरू लागली. बाईंच्या बोलण्यात हे सगळं एकाच उन्हाळ्यातलं वाटे, पण तिकडे जुलै म्हणजे थंडी.

पूर्वेकडे जाणाऱ्या ‘कामगार महामार्गा’ला पुढे त्याचं नाव मिळालं. तो गेला होता कामगार दिनीच. बहीण व्हिवियान हिने त्याच वर्षी नोव्हेंबरात संस्था काढली. गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं, हा त्याचा बेत तिला ठाऊक होता. ती संस्था आज सरकारी शाळांमधून काम करते. मला विचाराल तर रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या पाट्यांपेक्षा हे स्मारक कितीतरी खरं आहे.

मोरुंबीला मी बाईंबरोबर गेले होते. दफनभूमी म्हणजे हिरवळ, उभे दगड नाहीत, सगळ्यांना सारखी जमिनीलगतची पाटी. सेन्नाच्या पाटीवर बायबलमधलं वचन आहे, जगज्जेतेपदांचा उल्लेख नाही. भोवती ताजी फुलं, कुणाची तरी टोपी, एका शाळकरी मुलाने काढलेलं हिरव्या-पिवळ्या हेल्मेटचं चित्र. हे मूल सेन्ना गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मलेलं असणार. बाईंनी पाटीवरचा पाचोळा हाताने बाजूला केला आणि मग शेजारच्या एका अनोळखी पाटीवरचाही केला.

इमोलाला, तांबुरेल्लोसमोरच्या बागेत, त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. बसलेला, मान खाली. पलीकडच्या कुंपणावर लोक झेंडे, चिठ्ठ्या, फोटो बांधून जातात. २०२४च्या मे महिन्यात, तीस वर्षं झाली तेव्हा, जर्मनीचा निवृत्त जगज्जेता सेबास्टियन फेटेल याने सेन्नाची १९९३ची मॅकलॅरेन त्या ट्रॅकवर चालवली. त्याच्या हातात ब्राझीलचा झेंडा होता आणि ऑस्ट्रियाचाही.