बोट तुटले तर भरपाई. मनगट झिजले तर?

जखमी कामगाराला भरपाई द्यावी हा विचार केवळ विलायतेहून आला, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती: कामावर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी.

सुटी १८९० साली मिळाली. भरपाईच्या कायद्याला मात्र १९२३ साल उजाडावे लागले. लोखंडे १८९७ मध्येच निवर्तले होते.

हा कायदा उभा राहिला तो 'अपघात' या शब्दावर. यंत्रात बोट सापडले की दिवस, वेळ, साक्षीदार सारे सांगता येते. पुढे परिशिष्टात अंगठ्याची किंमतही ठरली: कमाईच्या शक्तीत ३० टक्के घट. रोगांची यादी होती, पण सुरुवातीला ती शिसे-फॉस्फरसच्या विषबाधेसारख्या मोजक्या रोगांची. यादीबाहेरच्या रोगासाठी तो विशिष्ट अपघातामुळेच झाला, हे सिद्ध करावे लागे. मग हजार वेळा तीच हालचाल करून झिजलेल्या मनगटाने कोणती तारीख सांगावी? ब्रिटनमध्ये तारायंत्र चालविणाऱ्यांच्या हातात येणारे पेटके १९०८ सालीच भरपाईच्या यादीत आले होते!

दिवाळीत दोन तास चकलीचा सोऱ्या फिरवला की गृहिणीचे मनगट रात्री ठणकते. वर्षभर तीच हालचाल पोटासाठी करणाऱ्याची कल्पना यावरून यावी.

पनवेल तालुक्यातील ओवे गावाच्या परिसराकडे पाहिले, की ही उणीव ठळक दिसते. कुलाबा जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जाई. भातलावणीत दिवसभर वाकून कंबर धरे. पण हाताने शेती करणारा मजूर १९२३ च्या कायद्यात नव्हताच. १९७० मध्ये सिडको आली आणि आसपासच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. आज एका बाजूला तळोजे औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला खारघर. शेतातला माणूस कारखान्यात आणि कचेरीत गेला, म्हणजे कायद्याच्या दारात आला. पण त्याचे दुखणे मात्र दाराबाहेरच राहिले.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना कायदा सामावला गेला, तरी अपघात आणि रोगांची यादी ही चौकट कायम राहिली. लोखंड्यांच्या अर्जाने विचारले होते, "याच्या चरितार्थाचे काय?" झिजलेल्या मनगटाच्या वतीने तोच प्रश्न आजही विचारावा लागतो.