राज खोसला यांच्या रहस्यपटांचे मराठी ऋण

हिंदी रहस्यपटांचा इतिहास लिहू जाता राज खोसला यांचे नाव टाळता येत नाही. ‘सी. आय. डी.’, ‘वो कौन थी?’ आणि ‘मेरा साया’ या तीन चित्रपटांनी त्या प्रकाराला जे वळण दिले, त्याचे अनुकरण पुढे वर्षानुवर्षे होत राहिले. २०२५ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. त्यांच्या चित्रपटांतील गाणी, साधना यांचे गूढ सौंदर्य, धुके आणि पाऊस यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या पंजाबी दिग्दर्शकाच्या कारकिर्दीत मराठी कथेने व मराठी लेखणीने उचललेला वाटा मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याची येथे नोंद करावी, असे आम्हांस वाटते. ओढूनताणून अभिमान मिरवण्याचा हेतू यात नाही. खोसला यांचे कर्तृत्व त्यांचेच आहे. परंतु कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नांदायला गेली की तिच्या माहेराचे नाव किती लवकर पुसले जाते, हे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

खोसला यांचा जन्म ३१ मे १९२५ रोजी पंजाबातील राहों येथे झाला. गायक व्हावे, ही त्यांची मूळ इच्छा होती. आकाशवाणीवर त्यांनी काही काळ कामही केले. मुंबईत आल्यावर देव आनंद यांच्या ओळखीने ते गुरुदत्त यांचे सहायक झाले. १९५५ चा ‘मिलाप’ हा त्यांचा स्वतंत्र दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट. त्याला संगीत दिले ते एन. दत्ता, म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक यांनी. स्वतंत्र संगीतकार म्हणून नाईकांचाही तो आरंभच होता. ‘मिलाप’ फारसा चालला नाही. परंतु पुढच्याच वर्षी गुरुदत्त यांनी निर्मिलेल्या ‘सी. आय. डी.’ने खोसला यांचे नाव झाले. वहीदा रहमान यांनी हिंदी पडद्यावर प्रथम पाऊल ठेवले ते याच चित्रपटात.

१९५८ चा ‘काला पानी’ हा हैदराबादच्या वाचकांना विशेष आठवत असेल. वडील मरण पावले, असे आयुष्यभर ऐकत आलेल्या तरुणाला एके दिवशी कळते की, ते हैदराबादच्या तुरुंगात खुनाची शिक्षा भोगत आहेत. त्यांचे निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी तो त्या शहरात येतो, आणि शोध घेत घेत एका नर्तकीच्या कोठीपर्यंत पोहोचतो. मूळ कथा ए. जे. क्रोनिन या स्कॉटिश लेखकाची. ती बंगालीमार्गे हिंदीत आली. नर्तकी किशोरीची भूमिका नलिनी जयवंत यांनी केली आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

खोसला यांच्या रहस्यपटांचे खरे वैशिष्ट्य गाण्यांच्या योजनेत आहे. इतरत्र गाणे आले की रहस्य थांबते. खोसला यांच्याकडे गाणेच रहस्य पुढे नेते. ‘सी. आय. डी.’मध्ये खलनायकाला गाण्यात गुंतवून नायकाला निसटू दिले जाते. ‘वो कौन थी?’ (१९६४) मध्ये मुसळधार पावसात एक पांढऱ्या वस्त्रातील स्त्री गाडीत बसते, काच पुसणारे यंत्र बंद पडते, पुढचे काही दिसत नाही, आणि तीच वाट सांगत गाडी स्मशानभूमीपर्यंत नेते. त्यानंतर चित्रपटभर तिचे गाणे नायकाला ओढत राहते. संगीतकार मदन मोहन होते. यातील एका गाण्याच्या चित्रीकरणावेळी लता मंगेशकर यांचे ध्वनिमुद्रण होऊ शकले नव्हते, म्हणून स्वतः मदन मोहन यांनी गायलेल्या मुद्रणावर साधना यांनी ओठ हलवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गायक होऊ न शकलेल्या दिग्दर्शकाने आपली हौस अशी भागवली, असे म्हणता येईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९६६ च्या ‘मेरा साया’ची कथा सर्वांना ठाऊक आहे. एका वकिलाची प्राणप्रिय पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. काही दिवसांनी पोलीस एका दरोडेखोर स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगते. न्यायालयात तो तिला खोटे ठरवू पाहतो, आणि ती केवळ पतिपत्नींनाच ठाऊक असावे असे एकेक सांगत जाते. ही कथा मराठी आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या प्रमुख भूमिका, ग. दि. माडगूळकरांची गीते, दत्ता डावजेकरांचे संगीत. त्या वर्षीचा मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पाठलाग’ला मिळाला. १९६५ मध्ये तो ‘इदय कमलम्’ या नावाने तमिळमध्ये गेला आणि त्यानंतर हिंदीत आला.

हिंदीत येताना कृष्णधवल चित्र रंगीत झाले, वकील ठाकूर झाला, उदयपूरच्या तळ्याकाठचे वैभव भोवती आले. परंतु कथेचा कणा बदलला नाही. हे काम ज्यांनी केले ते पटकथाकारही मराठीच होते. ग. रा. कामत हे ‘मौज’-‘सत्यकथा’च्या परिवारातले लेखक. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) ची कथा त्यांचीच. खोसला यांच्यासाठी त्यांनी ‘मेरा साया’खेरीज ‘दो रास्ते’ (१९६९) आणि ‘मेरा गांव मेरा देश’ (१९७१) याही पटकथा लिहिल्या. डाकूंच्या पाशात सापडलेले गाव आणि त्याच्या रक्षणासाठी उभा राहिलेला भुरटा चोर, ही ‘मेरा गांव मेरा देश’ची मांडणी पाहिली की चार वर्षांनी आलेल्या ‘शोले’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

रहस्यपटांकडून कौटुंबिक चित्रपटांकडे वळल्यावरही खोसला मराठीकडेच आले. ‘दो रास्ते’ हा चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरून घेतलेला. त्यासाठी काकोडकरांना फिल्मफेअरचा उत्कृष्ट कथेचा पुरस्कार मिळाला. ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ (१९७८) हाही त्यांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरचा. तो त्या वर्षीचा फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नूतन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

येथे थोडे थांबून स्वतःकडे पाहावे लागते. काकोडकरांना आपण मराठी वाचकांनी काय स्थान दिले? त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात जात, परंतु वाङ्मयाच्या चर्चेत त्यांचे नाव निघत नसे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. ‘दो रास्ते’ प्रदर्शित झाला तोही त्याच वर्षी. देवकुळे यांचे नाव तर आज किती जणांना आठवते? रंजक कादंबरी म्हणजे फावल्या वेळेची वस्तू, अशी आपली समजूत होती. तिच्यातील कथानकाचे बळ मात्र दुसऱ्या भाषेतील जाणत्याने ओळखले.

ही केवळ मुंबई-पुण्याची गोष्ट नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांत मराठी टिकली ती केवळ अभिजात ग्रंथांवर नव्हे. दुपारच्या वेळी स्त्रियांनी पदराआड जपलेल्या, एका घरातून दुसऱ्या घरात फिरून पाने सुटलेल्या या कादंबऱ्यांचाही त्यात वाटा आहे. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्यांना त्या मराठीतून बोलते ठेवीत होत्या. आज ग्रंथालयांत जागा अपुरी पडते तेव्हा सर्वांत आधी रद्दीत जातात त्या याच प्रती. हिंदी चित्रपट जतन होतील, त्यांच्या शताब्द्या साजऱ्या होतील. मूळ मराठी पुस्तक मात्र कोणाच्या कपाटात सापडेल की नाही, हा प्रश्न आहे.

राज खोसला ९ जून १९९१ रोजी निवर्तले. त्यांच्या यशातील आपला वाटा मागण्यापेक्षा आपल्या संग्रहालयांनी आपल्या कपाटांत एकदा पाहावे, ‘आशा परत येते’ किंवा ‘नीलांबरी’ची एखादी प्रत उरली असेल तर ती बांधून घ्यावी आणि तिच्यावर आत कोठेतरी लिहून ठेवावे की, या कथेचा पुढे अमुक चित्रपट झाला. ‘मेरा साया’तील ती स्त्री न्यायालयात उभी राहून आपली ओळख पटवून देते. पुस्तकाला तसे बोलता येत नाही. त्याची साक्ष आपल्यालाच द्यावी लागेल.