नाखवा, तेलवाला आणि होडीमागचे इंजिन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या एकसष्ट दिवसांत कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातून चालत गेलात, तर पडवीत लाकडी घोडीवर उभी केलेली आउटबोर्ड इंजिने दिसतील. मोठ्या नौकांची डिझेल इंजिने नौकेच्या पोटातच राहतात. छोट्या होडीचे इंजिन मात्र मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेले असते. स्क्रू सैल केले की ते खांद्यावर टाकून घरी आणता येते. काही जण ते तसेच मेकॅनिकच्या दारात नेऊन ठेवतात आणि ऑगस्टमध्ये उचलून आणतात. काही जण पोत्यावर पाने, ग्रीसचा डबा आणि जुनी फडकी मांडून स्वतःच बसतात. मला या दुसऱ्या माणसाच्या इतिहासात रस आहे. समुद्रावरचे यंत्र खलाशाने स्वतः उघडावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. मध्ये शंभरेक वर्षे ते त्याच्या हातात नव्हतेच.

इंजिन येण्याआधी नाव सांभाळणे म्हणजे लाकूड, दोर आणि तेल सांभाळणे. अंदालुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ मध्ये हजला जाताना तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात थांबला होता. तिथल्या नावांत खिळा नसतो, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. या नावांना तूप, एरंडेल किंवा शार्कचे तेल चोळतात आणि त्यांत शार्कचे तेल सर्वांत चांगले, हेही तो नोंदवतो. प्रवासवर्णन लिहिणारा विद्वान नावेला कोणते तेल लावतात हे विचारत बसला, याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडचे बहुतेक इतिहासकार जहाज कोणी बुडवले ते सांगतात, कोणी तेल चोळले ते सांगत नाहीत.

१४९० च्या सुमारास अहमद इब्न माजिदने ‘किताब अल-फवाइद’ हा नौकानयनाचा ग्रंथ पुरा केला. (वास्को द गामाला कालिकतची वाट दाखवणारा तो हाच, ही गोष्ट अजून आपल्या पुस्तकांत छापली जाते, बहुतेक अभ्यासकांनी ती केव्हाच सोडून दिली आहे.) ताऱ्यांचे, वाऱ्यांचे आणि मोसमाच्या तारखांचे शास्त्र सांगणारा हा माणूस मुअल्लिमला अगदी घरगुती सल्लाही देतो. जहाज जमिनीवर असतानाच ते नीट तपासून घ्या आणि त्यातले दोष लिहून ठेवा. म्हणजे जहाज चालवणारा आणि जहाज तपासणारा एकच. आपल्या किनाऱ्याची भाषाही हेच सांगते. फारसी नाखुदाचा ‘नाखवा’ झाला, सरहंगचा ‘सारंग’ झाला, मुअल्लिमचा ‘मालम’. हे शब्द हिंदू कोळ्याच्या आणि मुस्लीम दालद्याच्या तोंडी सारखेच रुळले. पावसाळ्यात नाव ओढून शाकारायची, सांधे भरायचे, तेल द्यायचे, हे काम नाखव्याच्या घरचेच होते.

आगबोटीने ही घडी मोडली. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि शिडाच्या जहाजांचा धंदा झपाट्याने आगबोटींकडे गेला. या बोटींवर ‘लष्कर’ म्हणून, इंग्रजांच्या भाषेत ‘लॅस्कर’ म्हणून, हजारो हिंदी खलाशी भरती झाले. पी अँड ओ कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. खाली इंजिनखोलीत प्रामुख्याने पंजाब आणि सरहद्दीकडचे मुसलमान होते. इतर कंपन्यांच्या बोटींवर त्यांच्या जागी सिल्हेटचे लोक दिसत. त्यांच्या कामांची नावेच बोलकी आहेत. भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला आणि फिरत्या भागांना तेल देणारा तेलवाला.

यंत्राच्या सर्वांत जवळ हा तेलवाला होता. कोणता बेअरिंग तापतो आहे, कुठला आवाज बदलला आहे, हे त्याच्या हाताला आणि कानाला आधी कळायचे. पण यंत्र उघडायचा अधिकार त्याचा नव्हता. ब्रिटिश कायद्याने १८६२ पासून परदेशी जाणाऱ्या आगबोटींवरच्या इंजिनिअरला परवाना सक्तीचा केला. सुरक्षिततेसाठी तो नियम योग्यच होता. मात्र पगार आणि वंश यांच्या उतरंडीत तो परवाना तेलवाल्यापर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. परिणामी आपल्या किनाऱ्यावरच्या आणि देशभरातल्या खलाशांच्या दोन-तीन पिढ्या यंत्राशेजारी जगल्या आणि यंत्राचे मालक झाल्या नाहीत. घरी परतलेल्या सारंगाच्या होडीला पुन्हा वल्हीच होती.

या कोंडीतून बाहेर काढणारे यंत्र भलत्याच ठिकाणी जन्मले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध. नॉर्वेहून लहानपणी तिथे आलेला ओले एव्हिनरूड १९०६ च्या उन्हाळ्यात वल्ही मारून तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळले, म्हणून त्याने मोटर बनवली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, म्हणून थोडी संशयास्पदही. होडीमागे टांगायची मोटर त्याच्याआधी कॅमरन वॉटरमननेही विकायला काढली होती. पण १९०९ पासून एव्हिनरूडने विकलेले इंजिन टिकाऊ निघाले. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. धंद्याची आणि जाहिरातींची बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली.

मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की यंत्राच्या रचनेतच वापरणारा माणूस गृहीत धरलेला होता. तळ्यावर इंजिनिअर कुठून येणार? जुन्या छोट्या इंजिनांत पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. ती तुटावी म्हणूनच घातलेली असते आणि पाण्यावरच, एका पकडीने, मालकाने बदलावी अशी अपेक्षा असते. मोठ्या इंजिनांत तिची जागा पंख्यातल्या रबरी बुशाने घेतली.

इंजिनाच्या खालच्या भागावर बसवलेला झिंकचा तुकडा याच जातीचा. त्याची कथा तर आणखी जुनी. जहाजाच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात झिजतो, यावर १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उपाय शोधला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्र आधी तो तुकडा खातो आणि तांबे वाचते. ज्या युद्धनौकेवर हे करून पाहिले, ती ‘समरंग’ आपल्याच कोचीन बंदरात बांधलेली होती. प्रयोग इतका यशस्वी झाला की फसला. तांबे झिजेना, त्यामुळे त्याचे विष पाण्यात उतरेना, आणि तळावर शेवाळ व कवचाचे जीव मनसोक्त वाढले. नौदलाने तो नाद सोडला. पण तत्त्व खरे होते. म्हणून आजही ॲल्युमिनियमच्या इंजिनाला झिंक लावतात. अर्धे झिजले की बदलायचे आणि त्यावर कधीही रंग मारायचा नाही. रंग मारला की समुद्राला झिंक दिसत नाही. तो इंजिन खायला लागतो. दर मोसमात होडी रंगवताना हौसेने झिंकही रंगवणारे कमी नाहीत.

अमेरिकेतला हा हौशी लोकांचा खेळ आशियात पोट भरण्याचे साधन झाला तो जपानी कंपन्यांमुळे. तोहात्सूने १९५६ मध्ये, यामाहाने १९६० मध्ये, सुझुकीने १९६५ मध्ये आपापले पहिले आउटबोर्ड काढले. पुढे रॉकेलवर चालणारी मॉडेले आली आणि गरीब किनाऱ्यांवर इंजिन परवडू लागले. भारतात याचा खरा भर केरळात आला. महाराष्ट्राने स्वातंत्र्यानंतर पोटात बसवायच्या डिझेल इंजिनाची वाट धरली होती; केरळच्या पारंपरिक वल्ह्यांच्या नावांवर १९८० नंतर झपाट्याने आउटबोर्ड चढले. पोन्नानी, तानूरकडचे मोपला मच्छिमार असोत की दक्षिणेकडचे ख्रिस्ती, दोघांपुढे प्रश्न एकच आला. नाव दुरुस्त करता येते, हे परदेशी मशीन कोण करणार? १९८० मध्ये तिरुअनंतपुरममध्ये उभ्या राहिलेल्या मच्छिमार सहकारी संस्थांच्या महासंघाने इंजिने पुरवण्याबरोबर त्यांच्या दुरुस्तीची केंद्रेही किनाऱ्यावर उघडली. व्यापारी आणि सावकार यांच्याकडून इंजिन घेणाऱ्याला सुट्या भागांसाठीही त्यांच्याच दारात जावे लागे. मासळी त्यांनाच, त्यांच्याच भावाने विकावी लागे. म्हणजे इम्पेलर बदलता येणे हा अर्थकारणाचा प्रश्न होता.

रॉकेलच्या इंजिनाने खलाशाला एक नवी शिस्तही शिकवली. ते पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर न्यायचे, आणि बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर आणायचे. कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहिले तर सकाळी दोरी ओढून खांदा निखळेल, इंजिन सुरू होणार नाही. रॉकेलचा कार्बन जास्त साचतो, त्यामुळे प्लगही वारंवार काढून पाहावा लागतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळे आणि ओले असेल तर मिश्रणात तेल जास्त किंवा ज्वलन अपुरे.

आता त्या पोत्यावर बसलेल्या माणसाकडे येऊ. तो पहिल्यांदा प्लगची वायर काढून बाजूला करतो. पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून पेटले तर बोटे जातात. हे न करणाऱ्याच्या शेजारी मुलांना बसू देऊ नये.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू आधी काढायचा, मग वरचा, आणि निघणारे तेल नीट पाहायचे. काळपट असेल तर नेहमीचे. दुधाळ, चहासारखे असेल तर आत पाणी शिरले आहे, म्हणजे सील गेले. सील का गेले हे बहुतेक वेळा पंखा काढल्यावर कळते. मागे दांड्याला जाळ्याचा तंगूस गुंडाळलेला असतो आणि त्याने सील कापलेले असते. मासेमारीच्या होडीत हे होणारच, म्हणून पंखा मोसमात दोन-तीनदा तरी काढावा आणि बसवताना दांड्याला ग्रीस लावावे. नवे तेल खालून भरायचे. वरच्या भोकातून वाहू लागले की हवा निघाली असे समजायचे, वरचा स्क्रू आधी लावायचा, मगच खालची नळी काढायची. उलट केले तर भरलेले तेल पायावर. स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. दोन-पाच रुपयांच्या वॉशरने वाचवलेले पैसे गिअरमध्ये जातात.

इम्पेलर म्हणजे समुद्राचे पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवणारी रबरी पाकळ्यांची चकती. ती पाण्यानेच वंगण घेते. जमिनीवर ‘जरा सुरू होतंय का बघू’ म्हणून कोरडे इंजिन चालवले की काही सेकंदांत तिच्या पाकळ्या खरवडतात. म्हणून इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करूनच सुरू करावे. पिंपात गोडे पाणी असेल तर आतले मीठही धुऊन निघते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर हे दर वेळी करायला हवे, आणि इथेच लोक कंटाळा करतात. मीठ साचते ते दिसत नाही. बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली, की मग धावाधाव. ती धार समुद्रावरही अधूनमधून बघायची सवय हवी. खाडीच्या मुखावर, भरतीच्या लाटांत इंजिन तापून बंद पडले तर होडी आडवी होते. तिथे मेकॅनिकचा नंबर कामाला येत नाही.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे, पन्नासास एक असेल तर १० लिटरला २०० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावे.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळच्या मच्छिमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून गावांत नेल्या आणि हजारो माणसे वाचवली. मलप्पुरममध्ये पाण्यात ओणवा होऊन आपल्या पाठीची पायरी करणारा मच्छिमार सगळ्या देशाने पाहिला. त्या दिवसांत या होड्या गढूळ पाण्यात, भिंती आणि कुंपणांमधून चालल्या. अनेकांचे नुकसान झाले. बुडालेल्या इंजिनाचा नियम सोपा आणि कठोर आहे. हवेत आले की गंज सुरू होतो, त्यामुळे गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, आतले पाणी दोरी ओढून बाहेर काढून, तेल सोडून काही तासांत ते चालवले पाहिजे. लगेच जमणार नसेल तर गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावे, उघड्यावर नाही. ज्याला हे ठाऊक होते त्याचे इंजिन वाचण्याची शक्यता होती.

अमेरिकेने १९९८ पासून धुराचे नियम कडक करत नेले आणि जगभरचा बाजार फोर-स्ट्रोककडे वळला. धूर, आवाज, तेलाचा खर्च कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या एव्हिनरूडपासून हे सुरू झाले, त्या नावाची इंजिने २०२० मध्ये बंदच झाली. नव्या इंजिनांत इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो. बिघाड वाचायला कंपनीचे उपकरण लागते आणि ते अधिकृत केंद्रातच असते. तेलवाला पुन्हा इंजिनाशेजारी उभा आहे आणि परवाना पुन्हा वरच्या मजल्यावर गेला आहे. फक्त या वेळी इंजिन त्याच्या नावावर आहे आणि कर्जही. तरी नव्या इंजिनातही इम्पेलर रबराचाच आहे, झिंक झिंकच आहे आणि पाणी शिरले की गिअर ऑइल दुधाळच होते. एवढे तपासायला अजून तरी एक पाना, एक पिंप आणि पावसाळ्यातली एक दुपार लागते.