अंगणातली तुळस : तिचे औषधी गुण व आपले कर्तव्य

आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले तेव्हा जुन्या दगडी वृंदावनाचे काय करावे, हा प्रश्न बैठकीत बराच वेळ चर्चिला गेला. सभामंडप वाढवायचा तर वृंदावन आड येत होते. अखेर वडीलधाऱ्या मंडळींच्या आग्रहाखातर ते दहा हात मागे सरकवून जसेच्या तसे उभे करावयाचे ठरले. दगड उतरवताना त्यांवर क्रमांक घालण्याचे काम मजकडे होते. त्याच वेळी, "तुळशीच्या औषधी गुणांवर स्मरणिकेत चार शब्द लिही," अशी समितीची आज्ञा झाली.

मी वैद्य नव्हे व शास्त्रज्ञही नव्हे. तहसील कचेरीत काम करणारा एस.एस.सी. झालेला कारकून आहे. परंतु कागद पाहिल्याशिवाय नोंद धरायची नाही, ही सवय नोकरीने लावली आहे. त्याच सवयीने तुळशीच्या नावावर काय काय नोंदलेले आहे आणि त्यातले कितपत टिकते, हे यथामती मांडतो.

आयुर्वेदात तुळशीला "सुरसा" असे नाव आहे. चरकसंहितेत दमा-श्वासावर उपयोगी पडणाऱ्या दहा औषधांचा जो गट सांगितला आहे, त्यात सुरसेचा समावेश आहे. उचकी, खोकला व बरगड्यांतील कळ यांवरही ती उपयुक्त म्हटली आहे. सुश्रुताने तर "सुरसादि" नावाचा वनस्पतींचा एक गणच हिच्या नावाने केला आहे. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तुळस तिखट, कडवट, उष्ण व भूक वाढवणारी सांगून, काळी व पांढरी या दोन्हींचे गुण सारखेच मानले आहेत. पण त्याच ठिकाणी ती दाह व पित्त वाढवते, असेही स्पष्ट सांगितले आहे. हे वाक्य आपण विसरतो. सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत सरकारच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांचा काढा दिवसातून एकदोनदा घेण्यास सुचवले होते. आपल्याकडे कित्येकांनी तो चहासारखा दिवसभर ढोसला आणि मग छातीत जळजळ होते म्हणून तक्रार केली. ग्रंथकाराने चारशे वर्षांपूर्वीच इशारा देऊन ठेवला होता.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपैकी लिनीयस याने अठराव्या शतकात हिला "ऑसिमम सँक्टम" असे नाव दिले. सँक्टम म्हणजे पवित्र. आज शास्त्रज्ञ "ऑसिमम टेन्युइफ्लोरम" हे नाव वापरतात. फालुद्यात घालतात तो सब्जा आणि रानतुळस ही हिचीच भावंडे होत.

मुंबईच्या इतिहासातही तुळशीची एक गोष्ट आहे. बेळगावात जन्मलेले व मुंबईत वैद्यक शिकवलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनी सन १९०३ मध्ये लंडनच्या "टाइम्स" पत्राला लिहून कळवले की, राणीचा बाग तयार होताना तेथील कामगार डासांनी व हिवतापाने हैराण झाले होते. तेव्हा एतद्देशीय व्यवस्थापकांच्या सल्ल्याने बागेच्या कडेने तुळस लावली आणि डास व ताप दोन्ही हटले. ही गोष्ट ऐकावयास गोड आहे. परंतु बाग तयार होताना डबकी बुजतात, पाण्याला वाट मिळते, त्यानेही डास कमी होतात. तुळशीच्या तेलाने डास पळतात व त्यांच्या अळ्या मरतात हे प्रयोगात दिसले आहे. मात्र तेल वेगळे आणि दारातले एक रोप वेगळे. रोप लावले म्हणून टाकीचे झाकण उघडे ठेवून चालणार नाही.

आता आपल्या ठाण्याचा अभिमानाचा विषय. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) हे लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी एके काळी ठाण्यास सिव्हिल सर्जन होते. वनस्पतींचा त्यांना मोठा नाद. मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी भारतातील औषधी वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो कीर्तिकरांच्या निधनानंतर सन १९१८ मध्ये अलाहाबादेस प्रसिद्ध झाला. आजही या विषयात "कीर्तिकर-बसू" म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. आपल्या आजीच्या तोंडी असलेली झाडपाल्याची माहिती शास्त्रीय नावासह, चित्रासह नोंदली जावी, हे मोठेच काम झाले.

तुळशीच्या अंगी हा गुण येतो कोठून? पान चुरगाळले की वास येतो. पानावर तेलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्या फुटतात म्हणून. वाफेने हे तेल काढता येते, पण किलोभर ताज्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम मिळते. त्यातील मुख्य द्रव्य बहुधा "युजेनॉल" हे असते. लवंगेच्या तेलातही मुख्यत्वे हेच असते. दात दुखू लागला की आपण लवंग धरतो, आणि दंतवैद्यही दाढेत भरण्याच्या मसाल्यात युजेनॉल वापरतात. ते जंतू मारते व ठणका कमी करते. याशिवाय तेलात कॅरिओफायलिन, मिथाइल युजेनॉल वगैरे द्रव्ये असतात. जात, जमीन व हंगाम यांप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलते. पानात उर्सोलिक आम्ल, रोझमेरिनिक आम्ल आणि ओरिएंटिन व व्हिसेनिन ही द्रव्येही सापडली आहेत. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात या शेवटच्या दोहोंवर उंदरांवर प्रयोग होऊन, किरणोत्सर्गाच्या इजेपासून ती काही अंशी रक्षण करतात असे आढळले. मधुमेहाच्या ४० रोग्यांवरील एक चाचणी सन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तुळशीच्या पानांनी उपाशीपोटीची साखर सरासरी शेकडा १७ हून अधिक उतरली. मात्र ४० माणसे म्हणजे थोडी, आणि तेवढ्यावरून कोणी चालू गोळ्या बंद करू नयेत.

तेल उडून जाणारे असल्याने दोन गोष्टी गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. काढा झाकण ठेवून करावा, आणि पाने सावलीत वाळवावीत. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात, म्हणजे रोप पानांनी भरते. तुळशीच्या पानात पारा असतो, म्हणून ते चावू नये, असे सांगतात. पण पारा हा तुळशीचा घटक नाही. मात्र आपल्या घोडबंदर रस्त्यावर रात्रंदिवस अवजड गाड्या धावतात. त्यांची धूळ व काजळी पानावर बसते, म्हणून पान धुतल्याशिवाय तोंडात घालू नये. तुळस रात्रीदेखील प्राणवायू सोडते, ही समजूतही खरी नव्हे. रात्री ती इतर झाडांसारखीच श्वास घेते. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी ती औषधाच्या मात्रेत घेण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

इथवर लिहून थांबता आले असते. परंतु एक नोंद राहून जाईल, आणि तिच्यासाठीच मी हा लेख पत्करला.

सन १९८९ च्या आश्विनात, भाताच्या कापणीत, माझ्या धाकट्या काकांच्या पायाला घोणस डसली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना साप नवा नाही. घरच्या जाणत्यांनी याच वृंदावनातली पाने ओरबाडून आणली. रस तुपातून पाजला, मुळी उगाळून दंशावर लावली. पाने खुडून आणणाऱ्यांत मीही होतो. दोन तास गेले. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा एका ट्रकवाल्याला हात करून त्यांना ठाण्यास नेले. मूत्रपिंडे बंद पडून तिसऱ्या दिवशी काका गेले. कोणाचीही माया कमी नव्हती. कमी होती ती माहिती.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, परळच्या हाफकिन संस्थेशी संबंधित डॉ. म्हसकर व केयस यांनी सर्पदंशावरील शेकडो गावठी वनस्पतींची परीक्षा करून सन १९३१ मध्ये निष्कर्ष छापला होता : यांपैकी एकही विषावर उतारा नाही. विंचवाच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे तेच. पुढे कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सुधारण्यातही हे दोघे होते. म्हणजे झाडपाल्यावर त्यांचा राग नव्हता. काका गेले त्याच्या ५८ वर्षे आधी हा कागद आपल्यापासून दोन तासांच्या वाटेवर तयार होता. तो आमच्या अंगणापर्यंत पोहोचला नाही.

सर्पविषावर उतारा एकच, प्रतिविषाची लस, आणि ती रुग्णालयातच मिळते. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कित्येकांचे प्राण वाचवले. डंख झाल्यावर अवयव हलवू नये, कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. धीर द्यावा आणि ताबडतोब वाहन गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात सन २०१४ पासून आहे.

सर्दी, पडसे, साधा खोकला, घशाची खवखव यांत तुळशीने जरूर उपकार घ्यावेत. दोन आठवडे खोकला हटला नाही तर मात्र काढा पुरे, थुंकी तपासून घ्यावी.

समितीने माझी एक विनंती मान्य केली, याबद्दल ऋणी आहे. नव्या जागी बसवलेल्या वृंदावनाच्या मागल्या भिंतीवर एक लहान फरशी लावली आहे. तीवर १०८ हा आकडा आणि "साप चावल्यास आधी रुग्णालय" एवढेच शब्द आहेत. प्रदक्षिणा घालताना लहान मुलांची दृष्टी तिच्यावर पडावी म्हणून ती मुद्दाम खाली बसवली आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.