हरवलेला चेंडू, तात्पुरता चेंडू : गोल्फच्या नियमांत काय सांगितले आहे?

गोल्फमध्ये भरकटलेल्या फटक्यापेक्षा त्यानंतर घेतलेला चुकीचा निर्णय अनेकदा अधिक महाग पडतो. चेंडू हरवणे, तो हद्दीबाहेर जाणे आणि सापडूनही तो खेळण्याजोगा नसणे या तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत. ‘आर अँड ए’ आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या संस्थांच्या संयुक्त नियमावलीत पहिल्या दोन परिस्थितींसाठी १८वा, तर तिसरीसाठी १९वा नियम आहे. या नियमावलीची मोठी फेररचना १ जानेवारी २०१९ पासून अमलात आली. २०२३ मध्ये तिच्यात आणखी सुधारणा झाल्या.

मूळ तत्त्व मात्र जुने आहे. एडिनबर्गच्या गोल्फपटूंनी १७४४ मध्ये लीथ येथील स्पर्धेसाठी १३ नियम लिहून काढले. चेंडू हरवल्यास अखेरचा फटका जेथून मारला तेथे परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि प्रतिस्पर्ध्याला एका फटक्याचा लाभ द्यावा, असे त्यांत म्हटले होते. आजही हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी हाच उपाय आहे. खेळाडूला एका फटक्याचा दंड होतो, शिवाय कापलेले अंतरही गमवावे लागते. टीवरून मारलेला पहिला चेंडू हरवला, तर त्याच टीवरून पुन्हा मारलेला फटका तिसरा गणला जातो.

शोधासाठी तीन मिनिटे

खेळाडू किंवा त्याचा कॅडी शोध सुरू करतो, त्या क्षणापासून तीन मिनिटांत चेंडू सापडला नाही तर तो हरवला असे मानले जाते. २०१९ पूर्वी ही मुदत पाच मिनिटांची होती. शोधताना चुकून चेंडूला धक्का लागल्यास आता दंड होत नाही. चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. सापडलेला चेंडू आपलाच आहे हे ओळखता यावे, म्हणून त्यावर आधीच खूण करणे हिताचे ठरते.

तात्पुरता चेंडू केव्हा?

शोध घेऊन पुन्हा टीपर्यंत चालत येण्यात सर्वांचाच वेळ जातो. तो वाचवण्यासाठी प्रोव्हिजनल बॉलची, म्हणजेच तात्पुरत्या चेंडूची सोय आहे. चेंडू हरवला असण्याची किंवा हद्दीबाहेर गेला असण्याची शक्यता वाटल्यास पुढे जाण्यापूर्वी त्याच जागेवरून दुसरा चेंडू खेळता येतो. त्यासाठी एक अट आहे. फटका मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द उच्चारावा लागतो किंवा तसा हेतू अन्य प्रकारे स्पष्ट करावा लागतो. ‘आणखी एक मारतो’ एवढेच म्हणून फटका मारल्यास दुसरा चेंडू दंडासह खेळातला ठरतो. त्यानंतर पहिला चेंडू फेअरवेच्या मधोमध सापडला तरी त्याचा उपयोग नसतो.

चेंडू केवळ पेनल्टी एरियातच, म्हणजे लाल किंवा पिवळ्या खुणांनी दाखवलेल्या पाण्यासारख्या क्षेत्रात गेला आहे हे ठाऊक असेल, तर तात्पुरता चेंडू खेळता येत नाही. त्या परिस्थितीसाठी १७वा नियम आहे.

मूळ चेंडू जेथे असावा असा अंदाज आहे, त्या जागेपर्यंत तात्पुरता चेंडू खेळत जाता येते. त्या जागेपेक्षा होलच्या अधिक जवळून तो खेळला की तोच खेळातला चेंडू ठरतो. तत्पूर्वी मूळ चेंडू हद्दीत आणि मुदतीत सापडला, तर तात्पुरता चेंडू सोडून द्यावा लागतो आणि त्याचे फटके मोजले जात नाहीत. अशा वेळी तात्पुरता चेंडूच खेळत राहिल्यास तो ‘चुकीचा चेंडू’ ठरतो. स्ट्रोक प्लेमध्ये त्यासाठी दोन फटक्यांचा दंड आहे आणि पुढच्या होलची सुरुवात करण्यापूर्वी चूक न सुधारल्यास खेळाडू बाद होतो. मॅच प्लेमध्ये तो होल गमवावा लागतो.

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. मूळ चेंडू दाट झुडपात सापडला आणि तात्पुरता चेंडू फेअरवेवर असला, तरी खेळाडूला दुसऱ्याची निवड करता येत नाही. त्याला मूळ चेंडूच खेळावा लागतो किंवा तो ‘अनप्लेएबल’ ठरवावा लागतो. अरुंद फेअरवेलगत दाट झाडी असलेल्या दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्ससारख्या मैदानावर हा फरक ठाऊक असणे फार उपयोगी ठरते.

खेळण्याजोगा नसलेला चेंडू

पेनल्टी एरिया वगळता मैदानावर कोठेही चेंडू अनप्लेएबल ठरवण्याचा अधिकार केवळ खेळाडूचा असतो. एका फटक्याच्या दंडाने तीन पर्याय मिळतात : मागील फटक्याच्या जागेवरून पुन्हा खेळणे, होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर हवे तितके मागे जाऊन चेंडू टाकणे, किंवा चेंडूपासून दोन क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता चेंडू टाकणे. बंकरमध्ये शेवटचे दोन पर्याय वापरताना चेंडू बंकरमध्येच टाकावा लागतो. दोन फटक्यांचा दंड घेतल्यास त्याच रेषेवर मागे, बंकरबाहेर येता येते.

दुसऱ्या पर्यायाची ताकद जुलै २०१७ मध्ये इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे दिसली. ओपन स्पर्धेच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ आणि मॅट कुचर यांची बरोबरी असताना तेराव्या होलवर स्पीथचा टी शॉट उजवीकडे वाळूच्या उंच टेकडीवर गेला. त्याने चेंडू अनप्लेएबल ठरवला. रेषेवर मागे जाता जाता तो सराव मैदानावर पोहोचला. ते तेव्हा हद्दीबाहेर नव्हते. तेथील साहित्याच्या ट्रकांच्या अडथळ्यापासून त्याला दंडाविना मोकळीक मिळाली. या साऱ्यात सुमारे २० मिनिटे गेली. स्पीथने तो होल पाच फटक्यांत पूर्ण केला आणि तो एका फटक्याने मागे पडला. मात्र पुढील चार होलमध्ये तीन बर्डी आणि एक ईगल साधून त्याने अखेर तीन फटक्यांनी विजेतेपद जिंकले.

क्लब स्तरावरील सवलत

हौशी खेळाडूंसाठी २०१९ पासून एक ऐच्छिक स्थानिक नियम उपलब्ध आहे. तो लागू असल्यास हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूसाठी टीवर परत न जाता, दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढेच, फेअरवेच्या कडेलगत चेंडू टाकता येतो. मात्र तात्पुरता चेंडू खेळल्यानंतर ही सवलत घेता येत नाही. ती उच्चस्तरीय स्पर्धांसाठी नाही आणि क्लबने स्वीकारली असेल तरच लागू होते. त्यामुळे फेरी सुरू करण्यापूर्वी स्थानिक नियमांचे पत्रक वाचणे आवश्यक आहे.