पाणी मागच्या दारानं येतं

सांगलीत पुराची ओळख फुटांत करून देतात. 2005 म्हटलं की 53 फूट 9 इंच, 2019 म्हटलं की साडेसत्तावन्न फूट. आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी तर शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. माझ्या आजोबांना या आकड्यांचं फार अप्रूप नव्हतं. ते म्हणायचे, "पट्टी पुलाला लावलीया. पाणी घरात कुठनं येतं, ते बघा की!"

त्यांच्या वडिलांनी नावेतून सांगलीवाडी गाठण्याचे दिवस पाहिले होते. 1929 साली पूल खुला झाला, तेव्हा ते गर्दीत उभे होते. त्यांच्याकडून आजोबांकडे आलेलं शहाणपण एवढंच, की नदी आधी मागच्या दारानं येते. कृष्णा काठ ओलांडून गावात शिरते, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात काठ कोरडा असतानाच शेरीनाल्यासारख्या वाटांनी पाणी उलटं फिरतं. एरवी गावाचं सांडपाणी नदीत नेणारा नाला नदी फुगली की नदीलाच गावात आणतो. खाली हरिपूरला वारणा मिळते. तीही भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला जागा उरत नाही आणि फुगवटा वाढत जातो. 2005 साली आमच्या घरी उंबऱ्याला पाणी लागण्याआधी नहाणीच्या मोरीतून काळं पाणी वर आलं. आजोबांनी कुणाला काही विचारलं नाही, धान्याची पोती माळ्यावर चढवायला सांगितली.

आजी माहेरची साताऱ्याची. तिच्या गोष्टींतलं पाणी वेगळं होतं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून ओढे गावातून धावत खाली वेण्णेकडं जातात. वळवाची सर आली की घटकाभरात ओढा दुथडी आणि घटकाभरात रिकामा. तिच्या आळीत मृग निघायच्या आत घरटी एक माणूस खोरं-पाटी घेऊन ओढ्यात उतरायचा. थोरले काका ओढ्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत चालत जायचे. कुणी उकिरडा ओढ्याकडं सरकवलेला दिसला की त्याच्या दारात उभं राहून नाव घेऊन बोलायचे. "चारचौघांत नाव निघालं की माणूस सुधरायचा," असं आजी सांगायची.

तिच्या गोष्टीवर भाळून जुनं ते सोनं म्हणायचा मोह होतो. पण तेव्हाचा कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, फुटकी खापरं. त्यातलं बरंचसं ओढ्यातच कुजून जायचं. आज ओढ्यात पडतात कॅरीबॅगा, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या, गाद्या आणि बांधकामाचा राडारोडा. साताऱ्याच्या ओढ्यात टाकलेली पिशवी वेण्णेत जाते, वेण्णा संगम माहुलीला कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना येऊन मिळते आणि मग खाली सांगली. वाटेत कुठल्या मोरीत अडकली नाही, तर माहेरचा कचरा सासरी पोचलाच.

अडकली तर काय होतं, ते महाराष्ट्रानं 26 जुलै 2005 ला मुंबईत पाहिलं. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसानं कुठलंही शहर बुडालं असतं. पण पिशव्यांनी गटारांचे गळे आवळल्यानं हाल वाढले, ही गोष्ट तेव्हापासून चर्चेत आली. प्लॅस्टिकवर बंधनं आली, 2018 साली बंदीही आली. तरी बाजारातून येताना हातात पिशवी असतेच.

सांगलीचा प्रश्न आणखी बिकट, कारण गाव सपाट आणि माती काळी. पाणी लवकर मुरत नाही आणि वाहायला उतार नाही. जुन्या लोकांनी ओढे, नाले, पाणी वाहून जायच्या सखल वाटा म्हणजे ओत राखले होते ते याचसाठी. शामरावनगरसारख्या सखल भागांत घरं झाली, ओत बुजले. आता तिथं पाणी तुंबायला महापूर लागत नाही, साधा पाऊस पुरतो.

उगाच भाबडं बोलू नये. गटार स्वच्छ असतं म्हणून साडेसत्तावन्न फूट पाणी थांबलं नसतं. त्यामागं घाटमाथ्यावरचा पाऊस होता, धरणांचे विसर्ग होते, पूरपात्रातली बांधकामंही होती. पण नदी उतरल्यावर गल्लीतलं पाणी किती दिवस राहणार आणि त्यात डास, ताप किती वाढणार, हे गटार ठरवतं. 2019 चा पूर ओसरल्यावर रस्तोरस्ती गाद्या, कपाटं, सडलेल्या धान्याचे ढीग लागले. परगावच्या महापालिकांचे सफाई कामगार येऊन राबले, तेव्हा गल्ल्या दिसू लागल्या.

हे सफाईचं काम लोकांना जमत नाही, असं सांगली जिल्ह्यानं तरी म्हणू नये. संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं. ते राबवणारे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. बक्षिसासाठी गावंच्या गावं ईर्ष्येनं गटारं उपसायला उतरली. नंबर येवो न येवो, गाव लख्ख व्हायचं. बक्षिसाची चर्चा ओसरली, तशी बऱ्याच ठिकाणी ईर्ष्याही ओसरली.

आता नालेसफाई ठेक्यानं होते. जेसीबी येतो, गाळ काढतो आणि काठावर ठेवून जातो. पहिल्या सरीला तो पुन्हा आत. उघडी गटारं फरशीखाली गेली, त्यामुळं आत काय साचलंय ते दिसतच नाही. दुकानापुढं कट्टा बांधणाऱ्याला आपण कुणाचं पाणी अडवलं, याचा पत्ता नसतो.

म्हणून सातारकरांना आणि सांगलीकरांना विनंती एकच. यंदा मृगाआधी आपल्या वॉर्डातला नाला वरपासून खालपर्यंत चालून बघा. नगरसेवकाला सोबत घ्या. उपसलेला गाळ त्याच दिवशी उचलून न्यायला लावा. ओतावर बांधकाम दिसलं तर लेखी तक्रार द्या, मग ते भावकीचं असलं तरी. धरणातून किती पाणी सोडायचं, हे आपल्या हातात नाही. आपल्या दारातलं गटार आहे.